वकील होता येईल, वॉचमन नाही

नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला वकिलीची सनद देऊ नये, असे १९६१ चा अधिवक्ता कायदा सांगतो. पण त्याच कलमात, २४-अ मध्ये, पुढे एक सवलत आहे: सुटका होऊन दोन वर्षे उलटली की ही अपात्रता संपते. कंपनीच्या संचालकाचा नियम २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. सहा महिने किंवा त्याहून जास्त कैद झाली असेल तर ती संपल्यावर पाच वर्षे थांबायचे. सात वर्षे वा त्याहून मोठी शिक्षा असेल तर मात्र कायमची बंदी. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्याला आमदार-खासदार व्हायचे तर सुटकेनंतर सहा वर्षे वाट पाहावी लागते. आणि एखाद्या सोसायटीच्या फाटकावर खासगी एजन्सीचा सुरक्षारक्षक म्हणून उभे राहायचे असेल तर? न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला रक्षक नेमू नये, असे २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा म्हणतो. किती वर्षे नेमू नये, हे तो सांगत नाही.

पद जितके मोठे तितकी मुदत ठरलेली आणि नोकरी जितकी साधी तितकी बंदी बेमुदत, असा हा उफराटा हिशेब आहे. तो कुणी मुद्दाम मांडलेला नाही. हे कायदे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांसाठी झाले. सुटून आलेल्या माणसाच्या बाजूने ते शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचले नाहीत. पण तुरुंगाबाहेर पडणारे बहुतेक लोक सनद किंवा संचालकपद मागायला निघालेले नसतात. त्यांना वॉचमन, ड्रायव्हर, शिपाई, हमाल, डिलिव्हरी बॉय अशी कामे हवी असतात. २०२२ च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती. त्यांतली तीन चतुर्थांशांहून अधिक न्यायाधीन, म्हणजे ‘कच्चे’ बंदी. शिक्षा लागलेले ‘पक्के’ बंदी सुमारे १ लाख ३३ हजार. यांतले बहुतेक जण आज ना उद्या घरी परतणार आहेत. परतल्यावर त्यांनी पोट कसे भरायचे, हा प्रश्न त्यांच्याइतकाच गावाचाही आहे.

बंदी कुठे आणि कुठे नाही

कायद्याने घातलेल्या बंदीची यादी लोकांना वाटते त्यापेक्षा आखूड आहे. ती माहीत असली तर नको त्या दारात चपला झिजत नाहीत.

बँकिंग नियमन कायद्याच्या कलम १० नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला बँक कामावर ठेवू शकत नाही, आणि इथेही मुदत नाही. सरकारी नोकरीत असताना शिक्षा झाली तर संविधानाच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे खातेचौकशी न करताही बडतर्फी होऊ शकते. नव्याने सरकारी नोकरी मिळवताना चारित्र्य पडताळणी होते. गुन्हा कसला, पद कोणते, मध्ये किती काळ गेला, हे पाहून नेमणारा अधिकारी ठरवतो. रिक्षा-टॅक्सीच्या बिल्ल्यासाठी पोलिसांची पडताळणी लागते. ॲपवरच्या टॅक्सीचालकांसाठी केंद्राने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मागच्या सात वर्षांतल्या शिक्षा पाहायला सांगितले होते: दारू पिऊन गाडी चालवणे, फसवणूक, चोरी, हिंसा, लैंगिक गुन्हे वगैरे. आखातात कामाला जायचे तर पासपोर्ट हवा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे वा अधिक कैद झाली असेल, तर दोषी ठरल्यापासून पाच वर्षे तो नाकारता येतो.

नैतिक अधःपतनाची व्याख्या या कायद्यांत दिलेली नाही. ते न्यायालये ठरवत आली आहेत. चोरी, फसवणूक, लाचखोरी, बलात्कार त्यात येतात. निष्काळजीपणे गाडी चालवून झालेला अपघात सहसा येत नाही. त्यामुळे ‘शिक्षा झालीय, आता काय मिळणार’ म्हणून स्वतःच माघार घेण्याआधी निकालपत्राची प्रत हाताशी ठेवून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सल्ला घ्यावा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते.

या यादीबाहेर बांधकाम आहे, शेती आहे, हॉटेल, गॅरेज, वर्कशॉप, छापखाना, शिवणकाम, किराणा दुकान आहे. अशा ठिकाणी शिक्षा भोगलेल्याला ठेवू नये, असा कायदा नाही. अडचण वेगळीच आहे. पूर्वी माणूस तालुका बदलून नव्याने सुरुवात करू शकत असे. आता न्यायालयांच्या ई-कोर्ट संकेतस्थळावर नावावरून खटला शोधता येतो, आणि मोठ्या कंपन्या पूर्वेतिहास तपासण्याचे काम बाहेरच्या संस्थांना देतात.

ब्रिटनने १९७४ मध्येच कायदा करून ठरावीक वर्षे गुन्ह्याविना गेली की अनेक जुन्या शिक्षा बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात सांगायची सक्ती काढून टाकली. आपल्याकडे प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. मुलांसाठी मात्र आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम २४ नुसार कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकाला पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या, अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढांप्रमाणे खटला चाललेल्या मुलांचा. एकदा चुकलेल्याला नवी सुरुवात मिळावी, हे तत्त्व आपल्या कायद्याला मान्यच आहे. ते अठराव्या वाढदिवसाला थांबते, एवढेच. काही बंद्या योग्यच आहेत: अपहार केलेल्याच्या हाती पुन्हा तिजोरी देऊ नये, लहान मुलांवर अत्याचार केलेल्याला शाळेच्या बसवर नेमू नये. पण पंधरा वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत वर्षभराची शिक्षा भोगलेल्याला आजही रक्षकाची काठी हातात घेता येऊ नये, याला कारण सापडत नाही.

निकालाच्या दिवशी मागायची गोष्ट

पुढच्या नोकरीचा निम्मा निकाल शिक्षेच्या दिवशीच लागतो, आणि नेमके तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्यानुसार, फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय दोषीला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल तर जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात तसे का सोडत नाही, याची कारणे न्यायालयाने लिहायची असतात. याच कायद्याचे कलम १२ सांगते की असे सोडलेल्या माणसाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. दोषी ठरल्याची नोंद त्याने पुसली जात नाही, आणि नोकरीत असलेल्यावर खाते त्याच्या वर्तनाबद्दल कारवाई करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तरीही सनद, निवडणूक, परवाना अशा ठिकाणी हे कलम उपयोगी पडते. त्यासाठी वकिलाने शिक्षेच्या युक्तिवादातच परिवीक्षेची मागणी करायला हवी.

अपील केलेल्यांचा हमखास होणारा एक गैरसमज: वरच्या न्यायालयाने ‘शिक्षेला स्थगिती’ दिली म्हणजे आपण दोषी राहिलो नाही. ही स्थगिती कैदेपुरती असते. दोषसिद्धीला स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती क्वचित मिळते. तोवर अर्जात ‘शिक्षा झाली आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच राहते, पुढे ‘अपील प्रलंबित’ असे लिहून.

फॉर्ममधला रकाना

सरकारी भरतीत निवड झाली की साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. त्यात अटक झाली होती का, गुन्हा दाखल झाला होता का, शिक्षा झाली का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. पुष्कळ जण इथेच घसरतात. गुन्हा किरकोळ असतो, पण तो लपवला म्हणून नोकरी जाते.

अवतार सिंग खटल्यात २१ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने याचे नियम एकत्र मांडले. माहिती खरीच द्यायची. तरुण वयात घोषणा दिल्याबद्दलची शिक्षा किंवा तसाच क्षुल्लक गुन्हा असेल, तर तो सांगायचा राहिला तरी नेमणारा अधिकारी दुर्लक्ष करू शकतो. गुन्हा गंभीर असेल तर नेमणूक रद्द होऊ शकते. सगळे खरे सांगितले तरी नेमलेच पाहिजे अशी सक्ती नाही. पण निर्णय विचारपूर्वक घ्यायला हवा. आणि जे विचारलेलेच नाही ते सांगितले नाही, म्हणून उमेदवाराला दोष देता येत नाही.

त्याआधी २०११ मध्ये संदीप कुमार खटल्यात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांच्या पीठाने दिल्ली पोलिसांत निवडल्या गेलेल्या एका तरुणाची बाजू उचलून धरली होती. त्याच्यावरचा मारहाणीचा खटला तडजोडीने मिटला होता, पण ते त्याने अर्जात लिहिले नव्हते. निकालात न्यायमूर्तींनी व्हिक्टर ह्यूगोच्या ज्याँ व्हालज्याँची आठवण काढली: भुकेल्या कुटुंबासाठी पाव चोरला आणि आयुष्यभर चोर ठरला. तरुणपणीच्या चुकांकडे इतक्या कठोरपणे पाहू नये, असा त्यांचा रोख होता.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. प्रश्न दोनदा वाचावा आणि जेवढे विचारले तेवढेच, पण खरे लिहावे. खासगी मुलाखतीत ‘मधली चार वर्षं कुठे होता?’ असे विचारले तर ‘गावी शेती करत होतो’ ही थाप टिकत नाही. पहिल्या पोलिस पडताळणीत ती उघडी पडते आणि गुन्ह्याच्या जोडीला खोटेपणाही चिकटतो. दोन वाक्यांत शिक्षा सांगावी आणि तिसऱ्या वाक्यात हातातल्या कामावर यावे.

आतले कसब, बाहेरचा बाजार

हातातले काम पुष्कळांकडे असते. महाराष्ट्राच्या मध्यवर्ती कारागृहांत सुतारकाम, हातमाग, शिवणकाम, लोहारकाम, चामड्याचे काम, बेकरी, धोबीकाम असे कारखाने चालतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची परीक्षा आत राहून देता येते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या खटल्यात सांगितले की बंद्याला कामाचा न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे आणि त्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढावा. मोबदला मात्र तुटपुंजाच राहिला. महाराष्ट्रात २०२३ च्या वाढीनंतर कुशल बंद्याला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलाला ६७ आणि अकुशलाला ५३ रुपये मिळू लागले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर कुशल सुताराचे १,८५० रुपये होतात. त्यातून कॅन्टीनचा खर्च आणि घरी पाठवायची मनीऑर्डर वजा केली, की फाटकाबाहेर पडताना हत्यारांची पेटी घेण्याइतकेही पैसे बहुतेकांकडे उरत नाहीत.

दुसरी अडचण कामाच्या जातीची आहे. तुरुंगातल्या कारखान्यांत सरकारी कार्यालयांची टेबले, खुर्च्या, बाके होतात. तिथे तयार झालेल्या सुताराला सांधा जोडता येतो, रंधा मारता येतो. बाहेर फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये काम चालते प्लाय, सनमायका आणि मॉड्युलर किचनचे. मालक विचारतो, ‘एज बँडिंग जमतं का? चॅनेल बसवतोस का?’ कसब असलेल्या माणसाला हे शिकायला महिनाभर पुरतो, पण हे महिनाभराचे शिक्षण आत मिळाले असते तर पहिल्याच दिवशी मान हलवावी लागली नसती.

कर्जाचा प्रश्न तर आणखी विचित्र आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यात ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली. बंद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याज, तारण नाही, जामीनदार नाही. हप्ता आतल्या मजुरीतून. मुलांची फी, घरचे आजारपण, वकिलाचा खर्च यांसाठी हा आधार ठरतो. म्हणजे ७४ रुपये रोजावरच्या माणसावर बँकेने विश्वास टाकला, तोही तो गजाआड असताना. तोच माणूस बाहेर येऊन चौपट कमवू लागला की बँकेच्या काउंटरवर त्याला पत नसते.

विश्वासाचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही मोकळी वसाहत उभारली. भिंती नाहीत, बंदी आपल्या बायकामुलांसह राहतात, शेती करतात. आटपाडी तालुक्यातल्याच माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला. चित्रपटात सहा बंदी माळरानावर भाजी पिकवतात तोवर सगळे ठीक चालते. संकट येते ते भाजी बाजारात नेल्यावर, स्वस्त विकली म्हणून व्यापारी अंगावर धावून येतात तेव्हा. सुधारणेची परीक्षा शेतात होत नाही, बाजारात होते, हे त्या गोष्टीने अचूक पकडले होते. म्हणून कारखाना चालवण्याबरोबर बाहेरच्या बाजाराशी गाठ घालून देणेही तुरुंगाचेच काम मानायला हवे. दिल्लीच्या तिहार तुरुंगात २०११ पासून खासगी कंपन्या येऊन सुटकेच्या बेतात असलेल्यांच्या मुलाखती घेऊ लागल्या. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून सुटलेल्यांचे पुनर्वसन आणि रोजगार यांवर काम करतो.

आधी मोबाइल नंबर

बाहेर आल्यावर पहिला आठवडा काम शोधण्यात घालवू नये. कागद जिवंत करण्यात घालवावा. काही वर्षे रिचार्ज न झालेला मोबाइल नंबर केव्हाच दुसऱ्याला गेलेला असतो, आणि आधारला तोच जोडलेला असतो. ओटीपी परक्याच्या फोनवर जातो, आणि एकही ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. त्यामुळे पहिली खेप आधार केंद्रात: अंगठा देऊन नवा नंबर जोडून घेता येतो, कागदपत्रे लागत नाहीत. नंतर बँक. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते. केवायसी देऊन ते पुन्हा सुरू होते. ३० जून २०२३ पर्यंत पॅन आणि आधार जोडायचे होते. तेव्हा आत असलेल्यांचे पॅन निष्क्रिय झाले असण्याची शक्यता मोठी. ते हजार रुपये भरून सुरू करता येते. शेवटी रेशन कार्ड, ज्यातून घरच्यांनी किंवा कार्यालयाने नाव कमी केलेले असू शकते. सुटकेचा दाखला आणि आत शिकलेल्या कामाचे प्रमाणपत्र कारागृहातून निघतानाच मागून घ्यावे; नंतर टपालाने मागवणे जिकिरीचे असते.

जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातले परिवीक्षा अधिकारी फक्त महिला-मुलांसाठी असतात, असे पुष्कळांना वाटते. मुक्त बंद्यांचे पुनर्वसन हेही त्याच विभागाचे काम आहे. स्वयंरोजगाराच्या मदतीची चौकशी तिथे करावी.

स्वतःचा धंदा

धंद्याचा फायदा हा की गिऱ्हाईक कामाची किंमत विचारते, चारित्र्याचा दाखला मागत नाही. कायदाही इथे बराच उदार आहे. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधारवर आणि स्वतःच्या घोषणेवर होते. तिच्यात शिक्षेचा रकाना नाही. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला फक्त ऑनलाइन सूचना पुरेशी ठरवली. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या अटी म्हणजे धंदा स्वतः किंवा घरच्यांनी करावा, उपजीविकेचे दुसरे साधन नसावे, परवाना दुसऱ्याला देऊ नये. अडते ते सर्वेक्षणात. फेरीवाल्यांची मोजणी झाली तेव्हा जो आत होता त्याचे नाव यादीत नसते. अशा वेळी पालिकेकडे शिफारसपत्र मागता येते, आणि त्यावर स्वनिधी योजनेचे पहिले कर्जही मिळू शकते. २०२० मध्ये हे कर्ज दहा हजारांचे होते. २०२५ मध्ये ते पंधरा हजारांपर्यंत वाढले.

तुरुंगातल्या कसबाशी सर्वांत जवळची योजना म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, शिंपी, चर्मकार, न्हावी, गवंडी, धोबी आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजारांचे व्हाउचर आणि पहिले कर्ज एक लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने. सुटलेल्या माणसाला नेमके पेटीवाचून अडते, आणि नेमकी तीच इथे मिळते. अर्ज सामाईक सेवा केंद्रातून होतो, पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका करते. सरपंचाशी आधी बोलून ठेवलेले बरे.

मोठे कर्ज हवे असेल तर सिबिलचा पतअहवाल आडवा येतो. अटकेच्या वेळी चालू असलेले दुचाकीचे किंवा बचत गटाचे कर्ज आत असताना थकलेले असते. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा हा अहवाल मोफत मिळतो. तो पाहून जुन्या बँकेशी थकबाकी मिटवावी आणि ‘बाकी नाही’ असा दाखला घ्यावा, मगच मोठ्या कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्राची पायरी चढावी. घाईने पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर कर्ज काढले तर धंदा कागदोपत्री त्यांचा होतो, आणि या माणसाची पत तिथेच राहते.

कामावर ठेवणाऱ्याने काय पाहावे

छोट्या वर्कशॉपच्या, हॉटेलच्या, गॅरेजच्या मालकाने तीन गोष्टी पाहिल्या तरी पुरे. गुन्ह्याचा आणि या कामाचा काही संबंध आहे का? सुटून किती काळ झाला? तेव्हापासून तो काय करतो आहे? अपहाराची शिक्षा असेल तर गल्ल्यावर बसवू नये, पण भट्टीवर ठेवायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात त्याला पोलिस ठाण्यात किंवा न्यायालयात अर्ध्या दिवसासाठी जावे लागले तर त्याचा संशय घेऊ नये. सुटीची तारीख आधी सांगायला लावावी. त्याची शिक्षा इतर कामगारांना सांगायची की नाही, हे त्याच्यावर सोडावे.

आणि पगार रोखीने न देता खात्यात द्यावा. सहा महिन्यांनी लेटरहेडवर चार ओळींचा अनुभवाचा दाखला लिहून द्यावा: काम काय, केव्हापासून, वर्तन कसे, खाली सही-शिक्का. मालकाला याला दहा मिनिटे लागतात. त्या माणसाकडे मात्र बँकेला, पुढच्या मालकाला आणि पडताळणीला आलेल्या हवालदाराला दाखवण्याजोगा, निकालपत्रानंतरच्या तारखेचा पहिला कागद येतो.